नवा हजेरीपट

विट्याहून सव्वानऊला निघते.
हुकाला डबा, पायाशी पुस्तकांचा गठ्ठा.
मराठी आली, गणित आलं,
विज्ञानाची सात कमी.
केंद्रशाळेत म्हणाले, बघू.
फाटा सोडला की पठारावर पवनचक्क्या,
त्यातली तिसरी दोन वर्षं बंद.
ती दिसली की मी हेल्मेटच्या आत
सहावीची नावं म्हणायला लागते.
एक्केचाळीस पोरं.
एकोणतीसच्या पुढं अजून जात नाही.

पटाला खाकी कव्हर मीच घातलं.
पहिलं नाव लिहिताना हात जपून चालतो,
विसाव्याला तोच घाई करतो.
मुली यादीत मागं,
म्हणून त्यांच्या वाट्याला माझं वाईट अक्षर.

काल जिभेवर गेल्या वर्षीचंच आलं.
"वैदेही पोळ."
आणि पार्टिशनच्या पलीकडून, सातवीतून,
"हजर, बाई!"
दोन्ही वर्ग हसले.
मीही हसले, मग खडू शोधायच्या निमित्तानं
फळ्याकडं तोंड केलं.

एक वाजता हौसाक्का
डिशमधून चमचाभर खिचडी आणून देते.
चवीची वही, सही, शेरा.
मी लिहिते, चांगली.
"रोज काय चांगली?
एकदा मीठ कमी लिवा की.
मलाबी कळंल, तुमी खाल्ली."

मधला सगळा वेळ कागदांचा.
वजन, उंची, बुटाचं माप.
आधारवर रणजीत, दाखल्यावर रणजित.
ऑनलाइन तो मुलगा
ऱ्हस्व-दीर्घाच्या मधे अडकून
तीन दिवस कुठल्याच शाळेत नाही.
इथं खिडकीशी बसून
माझ्याच डस्टरची धूळ
बाकावर पट्टीनं गोळा करतोय.

सोमवारी आणखी एक आला.
मुरुगन साळुंखे.
बाप सेलमला गलाईत, सोन्याच्या भट्टीवर.
आजी सोडायला आलेली.
"तकडं आता जमंना. हितंच शिकू द्या."
पानाच्या तळाशी, मुलींच्याही खाली
बेचाळीस नंबर घातला.
नाव पुकारलं, वर्ग हसला.
मी दटावलं नाही.
दाखल्यावर मीही ते दोनदा वाचलं होतं.

दोन दिवस बोलला नाही.
मराठी येते त्याला,
पण आजोबांनी इथून नेली तेव्हाची.
दोन शब्द बोलतो
आणि चुकलं का, म्हणून माझ्याकडं बघतो.

आज फळ्यावर संख्यारेषा काढली.
शून्यापासून उजवीकडं चाल म्हटलं.
घराघरावर बोट ठेवत
तो स्वतःशीच पुटपुटला,
"ओन्नु, रेण्डु, मूनु, नालु, अंजु..."

"काय रं?" मागच्या बाकावरून
अंजुम मुलाणी.

आधी कुणाला कळेना.
मग त्यालाच कळलं,
आणि पहिल्यांदा तो हसला,
दातावर दात चढलेला, तोंड भरून.
"पुढं सांग की," अंजुमच म्हणाली.
"आरु, एळु..."
"बाई, त्येंच्यात बी ळ हाय!"
शेजाळांचा तुषार उभाच राहिला,
जणू त्याच्या आडनावातला हरवलेला
कुणीतरी सेलमला सापडला होता.
डावीकडची उणे घरं तशीच राहिली.
घंटा झाली.

शाळा सुटल्यावर फॉर्म भरत बसले.
मातृभाषा. रकाना बोटाच्या पेराएवढा.
मराठी लिहिलं. बरोबरच आहे ते.
तरी पेनाला टोपण लावायला वेळ लागला.

रात्री भाकरी थापताना
ओन्नु, रेण्डु, मूनु.
"कुणाला शिव्या देतीयस गं?"
सासूबाई बाहेरच्या खोलीतून.
सातव्या भाकरीला एळु म्हटलं,
जीभ टाळ्याला बरोबर लागली.

आठव्याला काय म्हणतात
ते विचारायचंच राहिलं.
परातीत पीठ अजून दोन भाकरींचं.