कोपरी मिठागर, कुंडी सात

"गुलाबी पान्यान काय बगतस गो?"
हाशाकाका विचारतो.

मिठावाचून न जगणारे जीव,
पाण्याचा रंग त्यांचाच.
आणि त्या जीवांना लागणारे विषाणू.
एक वीस बाजूंचा, पैलू पाडल्यागत.
शेपूटवाला एक.
खूपसे चातीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते.
आणि हा,
दर फोटोत निराळा.
त्याचा रकाना तीन महिने कोरा.

काका पावडी टेकवतो.
"आमाला बी दर मोजनीला येगलाच लिवलान.
कूल. मजूर.
आता अतिक्रमन."

खाडीपलीकडे क्रेन वळते.
गोडं पाणी लागलं की फुटतात हे जीव,
मी बाटलीचं झाकण घट्ट करते.

तो बोट बुडवून चाखतो.
"अजून दोन दीस.
मंग पिकल."