नाव बाकी

बरणी क्रमांक दोनशे बारा.
तिच्यात अंगठ्याच्या नखाएवढं काहीतरी
गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं,
थंडीत लवकर उठवलेल्या मुलासारखं.
बाहेर डकवलेली चिठ्ठी, निळ्या शाईची:
बेडूक. झुडपातला. घाटमाथा, कारवीचे पान,
जमिनीपासून अडीच हात.
आणि खाली, दोनदा अधोरेखित:
नाव बाकी.

मी इथे अकरा महिन्यांच्या करारावर.
वडोदऱ्यातल्या एका कॉलेजच्या तळघरातल्या बरण्या
कॉम्प्युटरवर चढवायच्या, रोज चाळीस.
मगरीच्या कवटीपाशी पोरं फोटो काढतात.
विश्वामित्रीची मगर, तिला कोण ओळखत नाही?
पुरात ती सोसायटीच्या पार्किंगपर्यंत येऊन जाते.
दोनशे बारापाशी कोणी थांबत नाही.
थांबून बघायचं तरी काय?
रंग केव्हाच उतरलाय,
उरलाय तो उकडलेल्या शेंगदाण्याचा.

रंग वहीत आहे.
वही सुमती ताम्हण्यांची, एकोणीसशे एकसष्ट,
दांडिया बाजारच्या पत्त्यासकट.
त्या लिहितात: पाठ ओल्या मेंदीची.
मांडीच्या आत, उडी मारतानाच दिसेल असा,
झेंडूचा पिवळा.
आवाज: कुणी अंधारात कुलपात किल्ली फिरवते आहे
आणि कुलूप उघडत नाही.

पुढच्या पानावर:
याला शेपूट कधीच नसते. तळेही लागत नाही.
पानांखालच्या मातीत, अंड्यातच,
पोहण्याचे सगळे वय आटोपून
हा चार पायांनी बाहेर येतो.
आईला सांगितले. म्हणाली, शहाणा आहे.

त्याखाली दुधाचा हिशोब.

घाटातल्या बळवंत ढेबेला मी फोटो पाठवला.
उत्तर तीन दिवसांनी, रेंज मिळेल तसं:
"दिसला न्हाई कधी. रातचा ऐकलाय. धाडतो."
नऊ सेकंदं.

दुपारी तळघरात लावली ती नऊ सेकंदं.
टिक्. टिक् टिक्.
पंखा बंद केला, पुन्हा लावली.
हसमुखभाई स्पिरिटचा डबा घेऊन दारात:
"गरोळी छे, बेन?"
पाल नाही, म्हटलं. हा.
त्यांनी मोबाईलकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं,
चष्मा कपाळावर सरकवला.
एकोणीस वर्षं ते हिच्यात स्पिरिट भरतायत.
"आ बोलतो हतो?"

दर मार्चात बोटभर कमी होतं, म्हणाले,
झाकण कितीही घट्ट लावा.
जातं कुठे?
जाईल कुठे, याच खोलीत.
म्हणजे थोडं त्यांच्या छातीत,
आता थोडं माझ्या.

नावाचा रकाना रिकामा ठेवला
तर मशीन पुढे सरकत नाही.
लाल चांदणी लुकलुकत राहते.
मी टाइप केलं: नाव बाकी.
घेतलं त्याने, निमूट,
आणि अक्षरांच्या क्रमाने नेऊन ठेवलं
नानेटी आणि नीलगाय यांच्यामध्ये.
नानेटी बेडूक खाते.
यादीत तरी एक ओळ सोडून
दोघं शेजारी नांदतील, बघू.

कपाटांच्या पलीकडून,
डब्यातून बरणीत ओतल्याचा आवाज थांबला.
"फरी वगाडो ने,"
हसमुखभाई म्हणाले.