एक रेघ कमी

खांब पडला रात्री अकराला.
वीज आली पहाटे साडेचारला. यंत्र आलंच नाही.

पडद्यावर एक लाल चांदणी
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे
खुंट्याला बांधलेल्या मेंढीसारखी फिरत होती.
शेजारी लिहिलेलं: किची-सूची वाट पाहत आहे.
एक मिनिट बारा सेकंद. मर्यादा दीड मिनिट.
मीही पाहिली वाट. दुसरं काय होतं हातात.
मग काळ्यावर पांढरं: आणीबाणी. रूटचा पासवर्ड द्या.

पासवर्ड कॅलेंडरच्या मागे, कुबानिच बैकेंच्या अक्षरात.
कॅलेंडर सहा वर्षांपूर्वीचं,
म्हणूनच ते भिंतीवरून कुणी काढत नाही.

किची-सू म्हणजे धाकटं पाणी.
थोरली आणि धाकटी मिळून नारिन नदी होते,
त्याच नावांनी बैकेंनी डिस्कचे वाटे पाडले.
थोरलीत रोजची मोजमापं,
धाकटीत एकोणीसशे छत्तीसपासूनचं सगळं पाणी,
जे त्यांच्या बायकोनं, अनाराएजेनं,
कुजक्या वह्यांतून दोन हिवाळे बसून टंकलं.

आठला खालच्या धरणावरून फोन येतो.
पाणी किती? एवढंच.
मे महिन्यात "माहीत नाही" हे उत्तर नसतं.

आधी मी डिस्कवर संशय घेतला,
मग वायरींवर, मग बैकेंवर.
एलव्हीएस चालवलं, तर धाकटी होती की!
जागी, सहीसलामत.
घरात माणूस चुलीपाशी बसलेलं
आणि दारातून कुणी भलत्याच नावानं हाका मारतंय.

एफस्टॅब उघडली. सात ओळी,
रकाने इतके सरळ की सही नसली तरी कळावं कुणाचे.
तिथंच होतं ते.
मॅपरच्या यादीत वाट्याच्या नावातली रेघ दुप्पट होते,
गटाला जोडणाऱ्या रेघेशी गल्लत नको म्हणून:
नारिन, एक रेघ, किची, दोन रेघा, सू.
बैकेंनी एकच दिली होती.

एलव्हीएमच्या जुन्या नोंदींत तो हुकूमही सापडला.
त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस, दुपारी चार चाळीस.
तोवर धाकटी नुसती किची होती;
जाता जाता तिचं नाव पूर्ण करावंसं वाटलं असणार.
चालत्या यंत्रावर नाव बदललं, ओळ बदलली,
खाली येऊन चहा घेतला, आम्ही दिलेली टोपी घातली.
त्यानंतर चारशे अकरा दिवस यंत्र बंदच पडलं नाही.
चूक तेवढे दिवस निवांत बसून होती.

त्या ओळीत "नोफेल" लिहिता आलं असतं,
म्हणजे: धाकटी नाही आली तरी चालेल, तू हो पुढे.
शहाण्यानं तेच केलं असतं.
मी नाही लिहिलं.
छत्तीस सालाशिवाय उठणारं यंत्र मला नको होतं.

मूळ वाटा लिहिण्याजोगा केला.
कर्सर किचीपुढे नेला. एक रेघ.
माउंट, सगळं.
काहीच बोललं नाही.
गप्प राहिलं म्हणजे झालं, बैके म्हणायचे,
आणि अनाराएजेकडे बघायचे.

मग मुद्दाम बंद केलं. पुन्हा चालू.
हे त्यांनी केलं नव्हतं, एवढंच.
चांदणी आलीच नाही या वेळी.

बैकेंना कळवणार नाही. विचारलंच तर सांगेन,
वारा होता, वीज गेली होती.

पावणेआठला ज्यिर्गाल नदीवरून आला,
बूट ओले, गालात कुरूतचा खडा.
"पट्टीवर दोनशे चौदा.
कालपेक्षा एक रेघ वर."

"नक्की एक?"

त्यानं खडा दुसऱ्या गालात घेतला.
"दोन असत्या तर दोन म्हणालो असतो, बुरुल."