सकाळी आठ ते अकरा

फळ्यावर खडूनं पुन्हा लिहिलं :
सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ.
चार वर्षं तिथं नुसतं ‘पाच ते सात’ होतं
आणि त्याखाली कुणीतरी कोळशानं, ‘लाइट असली तर’.
तेही पुसलं. पूर्ण गेलं नाही.

पारोळ्यात मे महिन्यातले पाच म्हणजे काय,
जिल्ह्याच्या कचेरीत कुणाला सांगायचं?
पाचला आमची कडी हाताला चटका देते.
इथं वाचायची वेळ सकाळीच,
पाणी येऊन गेल्यावर, ऊन ओट्यावर चढायच्या आधी.

वर्ग ‘ब’ होता आमचा, ‘ड’ झाला.
तपासणीत वर्गणीदार कमी भरले.
अनुदान निम्मं. सात पेपरांचे दोन, मग तेही नाहीत.
दोघांतली मी एकटी. मग माझेही तास कापले.
लोक कमी म्हणून तास कमी,
तास कमी म्हणून लोक कमी,
रहाट फिरतोय आणि पोहरा रिकामाच वर येतोय.

परत सुरू झालं त्यात मोठं काही नाही.
सुपडू शिंप्यानं शिलाई मशीन विकून
देणगीबिणगी काही दिली नाही.
त्यानं रोज विचारलं, एवढंच.
दुकान वाढवताना, रस्त्याच्या पलीकडून :
“ताई, पेपर उना का?”
नही उना, आप्पा.
चार वर्षं.
शेवटी त्या ‘नही’ची मलाच लाज वाटली
आणि मी अर्ज लिहायला बसले.

तेवीस अर्ज. उत्तर एकाला.
विजेचं बिल नगरपालिकेनं अंगावर घेतलं.
रईस पिंजारी म्हणाला, पाच पेपर टाकतो, पैसे दिवाळीला.
कोणत्या दिवाळीला ते मी सांगितलं नाही,
त्यानंही विचारलं नाही.
तलाठी परीक्षेची हर्षाली, तिसरा प्रयत्न,
म्हणाली, सकाळी कुलूप मी उघडेन,
मला फक्त कोपऱ्यातलं टेबल द्या.
आणि पंखा.

पहिल्या सकाळी कुणी आलं नाही.
दुसऱ्या सकाळी एक शेळी.
तिसऱ्या दिवशी आप्पा उंबऱ्याशी :
“पेपर उना का?”
उना, मी म्हटलं.
ते आत येईनात.
विचारायची सवय होती, वाचायची मोडली होती.
चष्माही घरी.
बराच वेळ उभे राहिले, मग आणायला गेले.

त्याच आठवड्यात हिलाल मिस्तरी आला.
सिमेंटच्या गोणीचं कव्हर घातलेलं पुस्तक, पाठीचा दोरा नवा.
दंड किती, म्हणाला.
रोजचे पंचवीस पैसे, दिवस चौदाशे साठ.
मी पाटीवर मांडत होते, तो हळूच म्हणाला,
“सात डाव उनू, ताई. कामवर जावाना पहिले.
कुलूप व्हतं.”

तीनशे पासष्टला येऊन खडू थांबला.
हर्षालीनं पुस्तकातून मान वर केली, खाली घातली.
पाटी मी ओल्या फडक्यानं पुसली.

मग तारखेचा शिक्का काढला, टेबलाच्या खणातून, तळातून.
दिवस फिरला. महिना जरा तेल घातल्यावर फिरला.
सालाच्या पट्टीवर पुढची सालं नव्हतीच.
बनवणाऱ्यानं तेवढीच धरली होती.
साल हातानं लिहिलं.

तो दुसरं पुस्तक घेऊन आला.
पंधरा दिवसांनी, मी म्हटलं. सकाळी आणलंत तरी चालेल.
“तवय उघडं राही का?”

शिक्का शाईत टेकवून मी तशीच बसले.
पंख्यानं वहीचं पान उडत होतं.
त्यावर डावा हात ठेवला,
आणि तारीख उठवली.