ठराव क्रमांक अकरा

ठरावाची वही कन्नडमध्ये लिहायची असते.
मी मनात मराठीत जुळवतो, हातानं कन्नडमध्ये उतरवतो,
मध्ये कुठंतरी, मनगटाच्या आसपास,
शब्द सांडतात.
त्या दिवशी सांडलेले हे.

चिठ्ठी आली होती ओढ्यापलीकडून.
जांबोटीचा रस्ता सोडून रानात शिरलं
की हद्दीचा दगड लागतो, त्याच्या पुढचं गाव.
आम्ही चेष्टेनं त्याला फॉरेन म्हणतो.
मुली दिल्यात तिथं. सोयरीक जुनी, रेशनकार्ड वेगळं.
दोनच ओळी:
पाण्यावरून वरच्या वाडीशी लागलंय.
पन्नास पोरं पाठवा, काठ्यांसकट.

आमच्या पंचायतीत दोन पॅनेल.
कल्लाप्पा हलगेकरानं दिवा लावला
तर ईराण्णा मुतगी वायर तपासायला माणूस धाडतो.
शाळेच्या पाटीवर कुठली लिपी वर,
यावर तीन बैठका झाल्या, एक खुर्ची मोडली,
पाटी अजून कोरी.
बाहेर पोरं गाड्या चालू ठेवूनच उभी होती.

सुभेदार मष्णू बेकवाडकर कुठल्याच पॅनेलात नाही.
निळी टोपी घालून आफ्रिकेत दीड वर्ष काढलेला,
बुटाला अजून रोज पॉलिश.
“थितं दोन इमानं यायची,” तो म्हणाला.
“एकातनं पेट्या, एकातनं पीठ.
पेट्या कुणाच्या कुणाकडं गेल्या
ह्येचा हिशोब आमी परत येईपत्तोर लागला न्हाई.
ज्येंनी घेतल्या, काही त्येंच्यावरच उलटल्या.
पीठ खाल्लं, संपलं.
पोती धुऊन बायकांनी पोरांस्नी झंपर शिवली.
पाठीवर छापील अक्षरं: विकायचं नाही.”

तांब्या फिरला.
मागून येसूबाई बोलली, तिचं माहेर तिकडचं.
“भांडान पाण्याचं न्हवंच.
पंप जळून तीन आठवडं झालं. तरू करपला.
वरच्या वाडीनं हसून घेतलं, तेवढंच.”

कोणीतरी म्हणालं, आपल्या मोटरीचं आधी बघा की.
कोणीतरी म्हणालं, पोरं न पाठवली तर नाक जाईल.
सुभेदार परत उठला, गुडघा धरून:
“पिठाला बी राखण लागती. कितीदा तर
पीठ बी पेट्यांच्याच वाटंनं गेलेलं बगितलंय.
मोजायला दोघं धाडा. एक ह्येचा, एक त्येचा.”

हात आधी ईराण्णाचा वर गेला.
मग कल्लाप्पाचा.
आपल्याच हाताकडं तो असा बघत होता
जसं शेजाऱ्याचं वासरू आपल्या गोठ्यात निघावं.
विरोधात दोन, तेही एक इकडचा, एक तिकडचा.

लिहिलं:
दस्तगीर मेकॅनिक, पंपाची कॉइल घेऊन.
अंजेलिन बारदेशकर, नर्स, कारण ताप आहे.
तरवाच्या साठ पेंढ्या, दोन्ही आळ्यांतून निम्म्या.
पोरं: मागितल्याप्रमाणे नाहीत.

एका शब्दाशी अडलो.
सैन्य दोन्हीकडं सैन्यच. तिथं भाषांतर लागत नाही.
मदतीला मात्र तिकडं नेरवु म्हणतात.
मी नेरवु लिहिलं.
“काय लिवलास?” कल्लाप्पानं विचारलं.
ईराण्णानं वही ओढली, ओळीवर बोट ठेवलं
आणि सावकाश वाचून दाखवलं,
आधी त्याच्या भाषेत,
मग, जमेल तसं, ह्याच्या.

पोरं गेलीच, पन्नास नाही, सतरा.
काठ्याही नेल्या.
दोन्ही टोकांना पेंढ्या लटकवून
दगडापाशी गाड्या लावून ओढा उतरली,
मुळांतलं पाणी ठिबकत होतं
ह्या राज्यात, मग त्या राज्यात.

पुढच्या बैठकीत पाटीचा विषय निघाला.
आणखी एक खुर्ची.
पंप चालू आहे म्हणतात.
वरची वाडी अजून हसते की नाही,
कळलेलं नाही.