दया आली तरी

औषधांच्या बिलामागे त्याने लिहून ठेवलं होतं :
पाणी द्यायचं नाही.
खाली रेघ मारून पुन्हा,
दया आली तरी द्यायचं नाही.

बोहुमीर हाव्रान, माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहणारा,
कोळशाच्या खाणीतून निवृत्त,
जिन्यात कधी दोनावर तिसरा शब्द न बोललेला,
इस्पितळात जाताना माझ्या हाती देऊन गेला
चहाच्या कपाएवढी कुंडी.
कुंडीत भरड वाळू, गारगोटीचे खडे
आणि मधोमध
मला वाटलं, काचेचा मणी पडलाय.
"कोनोफायटम बर्गेरी," तो म्हणाला,
नव्या सुनेचं नाव सांगावं तसं, जरा दबकत.
"बी धुळीएवढं होतं. पेरताना श्वास रोखून धरला,
उडून जाईल म्हणून. अकरा वर्षांत एवढं झालं."
एवढं म्हणजे सुपारीएवढं.

मी ट्राम चालवते. मला थांबे कळतात,
लाल दिव्यापाशी किती वेळ उभं राहायचं ते कळतं.
अकरा वर्षं, सुपारीएवढं,
हे काही डोक्यात शिरेना.

जूनमध्ये मणी निस्तेज झाला.
जुलैत त्यावर कांद्यासारखी पांढरी साल चढली,
आत कुणी आहे की नाही, कळेना.
ओस्त्रावात त्या वर्षी रस्त्याचं डांबर चपलांना चिकटत होतं.
माझ्या टोमॅटोंनी माना टाकल्या,
त्यांना मी सकाळ-संध्याकाळ बादलीने पाजत होते
आणि त्याच खिडकीत हा पाहुणा कोरडा ठाक.
एका रात्री पेला भरून त्याच्यासमोर उभी राहिले.
बिल काढून वाचलं.
पेला मीच पिऊन टाकला.

मग मुळाशी कापसाचा ठिपका दिसला : पिठ्या ढेकूण.
बिलाच्या कडेला, मुंगीच्या अक्षरांत, तोही होता :
स्पिरिट, रंगाचा कुंचला, हलका हात.
स्पिरिट नव्हतं. भावाने गाळलेली आलुबुखाराची दारू होती.
एक थेंब ढेकणाला,
एक घोट मला.

ऑगस्टमध्ये त्याचं पोट दुसऱ्यांदा उघडून शिवलं.
नाकात नळी. ओठांवर साल आलेली.
"पाणी," तो म्हणाला.
नर्स म्हणाली, "आज नाही. उद्याचं उद्या बघू,"
आणि ओला बोळा माझ्या हातात देऊन गेली,
ओठांवरून नुसता फिरवायचा.
मी फिरवला. त्याने तो दातांत धरला, चोखायला गेला,
मी ओढून घेतला.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की मी शेजारच्या खाटेवरचा तापाचा तक्ता
वरपासून खालपर्यंत वाचला.

बऱ्याच वेळाने नळीमागून घोगरं :
"त्याला दिलंस?"
"नाही."
"दया आली?"
"आली."
टाक्यांवर हात दाबून तो हसला,
हसताना कळ आली, तेव्हा खाणीतली एक शिवी दिली.
मग म्हणाला, ते मुळात आफ्रिकेतलं,
एका गारगोट्यांच्या उतारावरचं.
लोक चोरून उपटतात, पिशव्या भरभरून विकतात.
"माझं बियांचं आहे. पावती आहे. वरच्या खणात."
मी विचारलं नव्हतं.

सप्टेंबरात एका रात्री पांघरूण शोधावं लागलं.
पहाटे चारला, पाळीवर निघताना,
दिवा लावला तर साल फाटलेली, नखाएवढी,
आणि फटीतून ओलं, कच्च्या द्राक्षाच्या रंगाचं काहीतरी
बाहेर बघत होतं.
जुनं अंग आतल्या आत पिऊन नवं आलं होतं.
वर, तिसऱ्या मजल्यावर, अजून कुणी चालत नव्हतं.

बिलावरची शेवटची ओळ :
साल फाटली की मग. चमचाभर. कडेने.
चमचा शोधला. पहिला मोठा वाटला. दुसराही.
भाचीच्या खोकल्याच्या औषधाचा एक सापडला.
कडेकडेने सोडलं. वाळू गडद झाली, खडे चमकले,
अगदी हळू, चुर्र असा आवाज आला,
किंवा मला तसं वाटलं.

ट्राम त्या दिवशी चार मिनिटं उशिरा सुटली.
वहीत कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं : पाणी.