हुंडीची मागची बाजू

खेळतं भांडवल म्हणतात त्याला.
त्या हिवाळ्यात ते कुणाच्या अंगणात खेळत होतं कोण जाणे,
आमच्या तिजोरीत नव्हतं.

देगू शहर, सत्त्याण्णवचा डिसेंबर.
प्योन साहेबांचा झिपांचा कारखाना, माणसं एकोणीस,
आणि मी हिशेबनीस, वय सव्वीस,
बोटांना कार्बन पेपरची निळाई.

रोज सकाळी साहेब एकच विचारायचे,
"आज कोण येणार?"
माणसांबद्दल नाही, पैशांबद्दल.
मी वही उघडायचे. एकीकडे येणं, दुसरीकडे देणं,
झिपेचे दोन काठ, दोन्हीकडे दात शाबूत,
पण मधला सरकणारा तुकडा बँकेकडे,
आणि बँकेने दोन्ही हात खिशात घातलेले.

साठ दिवसांच्या हुंड्या नव्वदवर गेल्या,
नव्वदच्या एकशेऐंशीवर.
वटवायला गेलं की काउंटरवरची मुलगी
कागद उलटा करायची, सुलटा करायची,
आणि चहाचा कप पुढे सरकवायची.
तो पिऊन परत यायचं.

मग एकेक शिकत गेलो.
आधी वीज, कारण वीज कुणाचं ऐकून घेत नाही.
मग पगार. निम्मा, पण ठरल्या तारखेला.
सूतवाल्याचा फोन यायच्या आत आपणच करायचा,
लपून बसलेल्याला कुणी उधार देत नाही.
गोदामातल्या लाल झिपा किलोवर विकल्या,
ज्यांची किंमत ताळेबंदात मी
तीन वर्षं पुरेपूर धरत आले होते.
वजनकाट्याने मला एका मिनिटात खोटं पाडलं.

साहेब जेवायला घरी जाईनासे झाले.
बायको विचारते, म्हणाले.
काय विचारते ते नाही सांगितलं.

फेब्रुवारीत ती हुंडी परत आली.
कोट शिवणाऱ्या कंपनीची, चाळीस लाख वॉन.
कंपनी बुडाली, कागद तेवढा तरंगला.
आम्ही तो सूतवाल्याला दिला होता,
सूतवाल्याने रंगाऱ्याला, रंगाऱ्याने ट्रकवाल्याला,
पाठीवर एकाखाली एक चार लाल शिक्के,
आणि शेवटी तो निघाला
आमच्याच गल्लीत सूप विकणाऱ्या
मेंग बाईंच्या एप्रनच्या खिशातून.
ट्रकवाल्याच्या पोरांनी वर्षभर तिथे जेवून
एवढंच दिलं होतं.

कायदा सोपा आहे, ज्याचा शिक्का त्याच्या गळ्यात.
बाईंनी हुंडी टेबलावर पालथी ठेवली.
पुढची बाजू वाचण्यात आता काही हशील नव्हतं.
"मला फार वाचता येत नाही," त्या म्हणाल्या,
"पण शिक्के कुणाचे ते कळतं.
चौघेही माझ्याकडे जेवता."

शनिवारी रात्री त्यांच्या दुकानात बसलो.
सूतवाला आला, ट्रकवाला आला, साहेब आणि मी.
रंगारी आला नाही. त्याच्या दाराला सोमवारपासून कुलूप,
भट्टी गार, मुलीचं नाव शाळेतून काढलेलं.
तिघांनी दर आठवड्याला किती, ते चटकन ठरलं.
भांडण झालं ते रंगाऱ्याच्या वाट्यावरून.
सूतवाला म्हणाला, मी का?
ट्रकवाला म्हणाला, मी तरी का?
साहेब काहीच बोलले नाहीत,
चमच्याने मुळ्याची फोड कडेला सारत राहिले.

बाई आतून आल्या.
त्यांनी रिकाम्या स्टुलासमोर वाफाळता वाडगा ठेवला,
आणि बिलात त्याचेही पैसे लावले.
कुणी हुज्जत घातली नाही.
पोटात जागा होती, ट्रकवाल्याने तोही संपवला.

रात्री वही पुढे ओढून मी लिहायला बसले.
मेंग बाई, दर शनिवारी, एवढे.
त्या जास्तीच्या वाडग्याचा आमचा वाटा
कुठल्या खात्यावर टाकायचा ते कळेना.
साहेब दिवा मालवायला उठले होते.
दारातूनच म्हणाले,
"खेळत्यात टाक."